भिंतीला खिळा मारायचा नाही

"काका, हॉलमध्ये एक खिळा मारला तर चालेल ना?"

विचारणारीचा स्वर अगदी साधा होता. तीन जिने उतरून आल्यामुळे तिला थोडी धाप लागली होती, आणि घराची किल्ली तिने दोन बोटांत अशी धरली होती, जणू कुणीतरी क्षणभर सांभाळायला दिलेली वस्तू. बाबा तळमजल्यावरच्या काकूंच्या सोफ्यावर, समोर चहाचा कप ठेवून बसले होते. तिचं वाक्य नीट संपलंही नव्हतं, तोच ते "नाही" म्हणाले. चिडून नाही, खेकसून नाही. रेल्वेच्या खिडकीतला माणूस 'सुट्टे नाहीत' म्हणतो, तसं. लॅपटॉपवर मान खाली घालून बसलेला एजंट म्हणाला, "ते आपल्या कलमात आहेच काका, अकरा नंबरला." ती बाई हसली, "बरं बरं, काही हरकत नाही," म्हणाली आणि तिने किल्ली पर्समध्ये टाकली. विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो मे महिन्यातल्या त्या दुपारपासून संपायचं नाव घेत नव्हता.

आमचं डोंबिवलीचं घर आम्ही भाड्याने देत होतो. पूर्वेला, स्टेशनपासून पायी वीस मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई गेल्यावर बाबा सहा वर्षं तिथे एकटे राहिले. मग गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला आणि आम्ही त्यांना पुण्याला घेऊन आलो. त्यामुळे त्या दिवशी आपलं घर दुसऱ्याच्या हवाली करायला बाबा आले खरे, पण त्या घराच्या बरोबर तीन मजले खाली बसून. वर जाऊन एकदा बघून येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सुचवलं नाही. भाडेकरू मंडळी मात्र तेवढ्या वेळात दोनदा वर-खाली करून आली.

आणि बाबांचा अंगठा उठेना. करार आता ऑनलाइन नोंदवतात. एजंट घरी येतो, वेबकॅमने फोटो काढतो आणि त्या लाल उजेडाच्या काचेवर अंगठा ठेवायला सांगतो. भाडेकरूचा उठला, त्याच्या बायकोचा उठला, साक्षीदार म्हणून माझा आणि काकूंच्या मुलाचाही उठला. बाबांचा नाही. एजंट विशीतला पोरगा होता, पण अशा अंगठ्यांचा त्याला सराव होता. "काका, जरा कपाळावर घासा." बाबांनी अंगठा कपाळावर घासला. कपाळाचं तेल लागलं की रेषा उमटतात म्हणे. नाही उमटल्या. मग कोमट पाण्याने हात धुतले, पंचाला पुसले, काकूंनी व्हॅसलीनची डबी आणली. डावा अंगठा झाला, तर्जनी झाली. प्रत्येक वेळी यंत्र एक बारीक नकारघंटा वाजवायचं आणि बाबा आपल्या बोटाकडे बघायचे, एखाद्या पोराने चारचौघांत ऐनवेळी पाठ केलेलं विसरावं तसे. पस्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात ते जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, खणांच्या केसमधून न बघता उचलायचे आणि स्टिकमध्ये उलटी ओळ रचत जायचं, हे त्यांचं काम. इंग्रजीला सव्वीस अक्षरं. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार धरून खिळ्यांचं सगळं गावच. अंगठ्याच्या रेषा तिथेच गेल्या असाव्यात, असं ते म्हणाले. डॉक्टर म्हणतील, वयाने जातात. शेवटी डाव्या हाताची अनामिका उठली. आमचं घर अनामिकेच्या जोरावर भाड्याने गेलं.

करार मराठीतच हवा, हा बाबांचा हट्ट होता. तो त्यांनी प्रूफ वाचावं तसा वाचला. दुसऱ्या पानावर 'सदनीका' सापडलं, तर समासात खूण करून नी ऱ्हस्व केला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "यात 'भाडेकरू' हा शब्द कुठेच कसा नाही?" पोरगा हसला. "तो लिहायचाच नसतो काका. लायसन्सी म्हणायचं. आणि भाडं नाही, लायसन्स फी." बाबांनी मान डोलावली. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. खात्री करून घेत होते.

आता माझी बाजू सांगते. आम्ही स्वतः पुण्यात भाड्याने राहतो. कर्वेनगरमध्ये, आतल्या एका गल्लीत. नऊ वर्षांत हे तिसरं घर. तिन्ही घरांच्या कागदात तेच कलम, कधी नऊ नंबरला, कधी चौदाला: भिंतींना खिळे मारणे, छिद्रे पाडणे, तोडफोड करणे यास सक्त मनाई. आमच्या हॉलच्या भिंती त्यामुळे इस्पितळासारख्या स्वच्छ आहेत. चिकटवायचे प्लॅस्टिकचे हुक आणून बघितले. पावसाळ्यात रात्री दोन वाजता घड्याळ पडलं, तेव्हापासून घड्याळ टीव्हीशेजारी टेकवून ठेवतो. आणि आईचा फोटो फ्रिजवर असतो. चंदनाचा हार घातलेला, बारा बाय पंधराचा, जाड लाकडी चौकटीतला. तो मागे घसरू नये म्हणून त्याच्या पाठीशी वर्तमानपत्राची घडी आणि पुढे सरकू नये म्हणून पायाशी एक जुना डबा. फ्रिजचं मशीन सुरू झालं की चौकट अगदी बारीक थरथरते. दर आवराआवरीत तिला उतरवायचं, पुसायचं, परत टेकवायचं. बाबा सकाळचा चहा त्या फ्रिजसमोरच्या खुर्चीवर बसून घेतात. दर संक्रांतीला, दर पितृपक्षात मी एकदा तरी करवादते, "एक खिळा! एक खिळा मारायला काय जातं यांचं?" बाबा ऐकत असतात.

म्हणून ते 'नाही' मला इतकं लागलं.

मालक लोकांबद्दल माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे. आमचे सध्याचे मालक परदेशात मुलाकडे असतात. माणसं सज्जन, भाडं वाढवतात तेही नियमाने, दर वर्षी पाच टक्के. पण घरातली एक खोली त्यांनी कुलूप लावून ठेवली आहे. जाहिरातीत घर तीन बेडरूमचं, वापरायला दोन. तिसरीत त्यांचं सामान. पहिल्या वर्षी मुलगी लहान होती, ती त्या दाराच्या फटीला डोळा लावून बसायची आणि आत कोण राहतं म्हणून विचारायची. मला राग यायचा. आपण पूर्ण भाडं देतो आणि घरात एक बंद दार घेऊन जगतो. आणि या मे महिन्यात मी स्वतः डोंबिवलीच्या माळ्यावर आईचं शिलाई मशीन, तांब्याचा बंब, बाबांची पुस्तकं असं सगळं रचलं, पोटमाळ्याच्या पल्ल्याला कुलूप घातलं आणि त्या बाईला म्हणाले, "माळ्यावरचं तेवढं आमचं आहे हं." बोलताना माझा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

खाण्याचंही तसंच. पुण्यात घर शोधताना एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, मग गाव, आणि मग जरा घुटमळून, "म्हणजे... नॉनव्हेज वगैरे?" आम्ही कोकणातले. बोंबील तळायचे तर खिडक्या लावायच्या की उघडायच्या, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. दोन घरं आमची याच प्रश्नावर गेली. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने सुचवून पाहिलं, "शाकाहारीच बघा, बरं पडतं." बाबांनी उत्तर दिलं नाही. मिळालेलं कुटुंब अकोल्याकडचं निघालं: नवरा ऐरोलीला नोकरीला, बायको, दोन मुली आणि नवऱ्याची आई. त्या आजींनी आपणहून सांगितलं, "आम्ही पूर्ण शाकाहारी आहो जी." तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते समाधान नव्हतं. थोडी हळहळ होती. त्या ओट्यावर पापलेट परत कधी पडणार नाही, याची.

तर मग खिळ्यालाच एवढी आडकाठी का? परतीच्या प्रवासात, लोणावळा मागे पडेपर्यंत, मी ते मनात घोळवत होते. आणि बाबांचं बालपण जिथे गेलं ती गिरगावातली खोली आठवली. दहा बाय बाराची एक खोली, पुढे कॉमन गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. आजोबांनी पागडी देऊन घेतलेली. ते घर भाड्याचं होतं, हे मला कळतं झाल्यावर कुणीतरी सांगावं लागलं, कारण तिथल्या भिंतींवर खिळ्यांखेरीज काही नव्हतं. शर्टांचे खिळे, छत्र्यांचा खिळा, चाळणीचा, कंदिलाचा, देवांच्या तसबिरींचे, गेलेल्या माणसांचे. काकाच्या क्रिकेट बॅटला एक स्वतंत्र जोडखिळा. मालकाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मालक दर महिन्याला भय्याला पावती देऊन पाठवायचा, आणि भाडं असं की पुढे पुढे त्या पैशात दोन वडापावही आले नसते. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, ती गोठलीच. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. चाळीचे वासे वाकले, गॅलरीला टेकू लागले, आणि दोन्ही पक्ष एकमेकांकडे बघत साठ वर्षं बसले. आजोबा गेले तेव्हा खोली काकाकडे आली. भाड्याची खोली वारसाहक्काने येते, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आम्हाला तर नाहीच.

मधे १९७३ आलं. ज्यांनी जागा 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे तात्पुरत्या परवानगीने दिल्या होत्या, त्या जागांत १ फेब्रुवारी १९७३ ला जे कुणी राहत होते, ते कायद्याने एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. बाबा तेव्हा छापखान्यात नवे होते. त्यांच्या चाळीत मागच्या अंगाला एका विधवा बाईंनी आपली खोली दोन वर्षांपुरती म्हणून कुणाला दिली होती आणि स्वतः भावाकडे जाऊन राहिल्या होत्या. त्या परत आल्याच नाहीत. येऊ शकल्या नाहीत. ही गोष्ट बाबा सांगायचे तेव्हा त्यात दोन सूर असायचे. एक, राहणाऱ्याची सोय झाली याचा, कारण आम्हीही राहणारेच. आणि दुसरा त्या बाईंचा, ज्या पुढे कितीतरी वर्षं गणपतीत चाळीत यायच्या आणि आपल्याच खोलीच्या दारात उभ्या राहून प्रसाद घ्यायच्या.

मालकांना भाडेकरूंची भीती वाटते, असं आपण सहज म्हणतो. बाबांना भाडेकरूची भीती वाटते ती ते मालक आहेत म्हणून नव्हे. ते स्वतः पट्टीच्या भाडेकरू घराण्यातले आहेत म्हणून. माणूस घरात मुळं कशी धरतो, हे त्यांनी आतून पाहिलेलं आहे. पहिला खिळा छत्रीचा असतो, शेवटचा आजोबांच्या फोटोचा. तेवढ्या अंतरात घर कुणाचं होतं हे विसरायला होतं. आता कायदा बदललाय, हे मी त्यांना गाडीत समजावून सांगत होते. १९९९ चा नवा कायदा, ३१ मार्च २०००पासून लागू. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावीच लागते. करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचं तर आता सोवळं उरलंच नाही, साठ महिन्यांचाही करार करता येतो. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अकराच बरे."

डोंबिवलीचं घर त्यांनी १९८३ साली घेतलं, छापखान्याच्या पतपेढीचं कर्ज काढून. गिरगावातल्या नातेवाइकांनी तेव्हा 'जंगलात चाललास' म्हणून निरोप दिला होता. आमच्या बिल्डिंगपुढे भातखाचरं होती, पाणी दिवसाआड, वीज मनात येईल तेव्हा. आई कळशी घेऊन समोरच्या विहिरीवर जायची आणि बाबा पहाटेच्या गाडीला. या वेळी घराची जाहिरात टाकताना एजंटने लिहिलं होतं, 'शांत वस्ती, फक्त फॅमिलीसाठी.' वाचून हसू आलं. शांत म्हणजे काय, तर दुपारी एक ते चार कुणी कुणाची बेल वाजवत नाही. पहिल्या मजल्यावर हार्मोनियमचा क्लास आहे, तिथे गेली वीसेक वर्षं कुणी ना कुणी भूपच गिरवत असतं. सुरीला धार लावणारा येतो, शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते, संध्याकाळी फोडण्या एकामागून एक पडतात आणि कुणाकडे आज काय आहे ते जिन्यातच कळतं. आणि रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला सगळं थांबलं की मग लांबून रुळांचा आवाज येतो. शेवटच्या लोकलचा हलका, आणि तिच्या मागून मालगाडीचा, संपता न संपणारा. लहानपणी मी त्या मालगाडीचे डबे आवाजावरून मोजायची आणि तीसच्या पुढे कधी जागी राहिले नाही. या शांततेचं भाडं चौदा हजार, डिपॉझिट पन्नास. शिवाय स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीला सेवा शुल्काच्या दहा टक्के 'बिनभोगवटा शुल्क' भरायचं. हा शब्द बाबांना फार आवडला. दोनदा म्हणून बघितला त्यांनी.

घर द्यायच्या आधी रंग काढला. रंगारी भावोजींच्या ओळखीचा, मी पुण्याहून शनिवार-रविवार जाऊन-येऊन. बाबा फोनवरून सूचना देत होते: सगळे खिळे उपटा, भोकं पुट्टीने बुजवा, मग पॉलिशपेपर, मग दोन हात. चाळीस वर्षांचे खिळे होते. एकूण एकसष्ट निघाले. मी मोजले, कारण रंगाऱ्याने ते एका श्रीखंडाच्या डब्यात भरून माझ्या हातात ठेवले. काही गंजून काळे, काही हुकासारखे वाकवलेले, एक तर दरवाज्याच्या पट्टीत इतका खोल की पक्कड सटकली. भिंती कोऱ्या झाल्या. रिकाम्या हॉलमध्ये बोललं की आवाज परत येत होता. आई या खोलीत कधी नव्हतीच, असं क्षणभर वाटलं आणि मी घाईने पंखा लावला.

ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे, वरून गच्चीचं पाणी झिरपतंय. प्लंबरला घेऊन मी गेले. बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवत होते. तिचा आवाज बाहेरून वेगळा येतो. आतून ज्वारीच्या भाकरीचा वास, दारात छोटी रांगोळी, चपलांच्या जागी मुलींच्या शाळेचे बूट. "या ना ताई, उभ्या काऊन राहिल्या," आजी म्हणाल्या. मी माझ्याच हॉलमध्ये पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी आलं, पाठोपाठ चहा. भिंती आम्ही दिल्या तशाच होत्या, एक ओरखडा नाही. कालनिर्णय दाराच्या कडीला दोरीने बांधलं होतं, आणि दार उघडलं-मिटलं की श्रावणाचं पान फडफडत होतं.

आणि फ्रिजवर एक फोटो होता. फेटा बांधलेले, मोठ्या मिशांचे, साठीतले गृहस्थ. कुंकवाचा टिळा, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. फोटोच्या पाठीशी वर्तमानपत्राची घडी. पायाशी, पुढे सरकू नये म्हणून, चहापत्तीचा डबा.

"आमचे हे," आजी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली." आणि जणू काही दोष त्यांचाच, अशा सुरात पुढे म्हणाल्या, "खाली उतरवला की सापडत नाही मग बाळीला, कुठं ठेवला आजोबाला म्हणते."

ओल बघून झाली. गच्चीला वॉटरप्रूफिंग लागणार, म्हणजे सोसायटीच्या मीटिंगपर्यंत थांबणं आलं. प्लंबर गेला. मी जिन्यात येऊन बाबांना फोन लावला. ओलीचं सांगितलं, खर्चाचं सांगितलं, मुली कितवीत आहेत ते सांगितलं. मग फोटोचं सांगितलं. वर्तमानपत्राची घडी, डबा, सगळं. पलीकडून काही आलं नाही. मागे आमच्या पुण्याच्या फ्रिजचं मशीन सुरू झाल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

"त्यांना फोन दे," बाबा म्हणाले.

मी परत वर जाऊन बेल वाजवली. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. "हॉलमध्ये उभ्या आहात? खिडकीकडे पाठ करा. समोरची भिंत. स्विचबोर्डाच्या डाव्या कडेपासून दोन वीत सरका, आणि तुमचं डोकं जिथे येतं त्याच्यावर एक वीत. आता भिंतीवरून हात फिरवा. सावकाश. बघू नका, हातानेच शोधा." बाई माझ्याकडे बघत हात फिरवू लागल्या. मला काही कळेना. एकसष्ट खिळे मी स्वतः मोजले होते.

"रंगाऱ्याला मी एक ठेवायला सांगितला होता," बाबा म्हणाले. "रंगाखाली असेल. नखाने जरा खरवडा."

बाईंचा हात थांबला. त्यांनी नखाने टोकरलं, रंगाची एक बारीक खपली खाली पडली.

"सापडला," त्या म्हणाल्या. "पण काका, थोडा खाली वाकलाय."

"असू दे," बाबा म्हणाले. "फोटो सरळ बसतो."